मांडी घालता येईल का?

गौरम्माचे गुडघे पार आखडले होते, म्हणून शिवप्रसाद आईला चाकूरहून लातूरला, व्यायामाच्या सामानाच्या दुकानात घेऊन आला. चालायचं मशीन लई महाग होतं, वर त्यानं गुडघ्याला दणके बसतात म्हणे. दुकानदारानं खुर्चीत बसून फिरवायची छोटी पायडलं पुढं ठेवली. चार फेरे मारून गौरम्मानं विचारलं, "यानं मांडी घालता येईल का?"

"चालता येईल की, आजी."

"चालायचं राहू द्या. मांडीचं सांगा."

त्या दिवसापासून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर ती पायडल मारू लागली. शेवटी शिवप्रसाद चिडलाच. "माय, जेवतीस टेबलावर, इष्टलिंगाची पूजाबी खुर्चीतच करतीस. ह्या वयात मांडी घालून कुठं बसायचंय तुला?"

गौरम्माचे पाय थांबले नाहीत.

"आपल्यात माणसाला मांडी घालून बसवूनच माती देतात ना. तुझ्या बापाचे गुडघे वळंनात म्हणून तुम्ही जोर लावला, तो आवाज मी दाराआडून ऐकलाय."