चिठ्ठीतलं माप

"आधी चिठ्ठी वाच, मंग टेप काढ," रघुनाथ गुरुजी म्हणाले आणि चादरीत गुंडाळलेली छऱ्याची बंदूक त्यांनी संत्र्याच्या रिकाम्या पेट्यांवर ठेवली.

चादरीला कारण होतं. मंगळवारची मोटर जामसांवलीहून परतणाऱ्या भाविकांनी भरलेली. सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत उघडी बंदूक मांडीवर घेऊन बसलेला मास्तर कोणाला आवडला असता?

पांढुर्ण्याच्या भिवाजीचा धंदा पेट्या ठोकण्याचा. पण शहाऐंशी साली त्या टापूत नेमबाजीच्या स्पर्धेसाठी बंदूक अंगाबेताची करून देणारा तोच एक होता. खांद्याला टेकायचा दस्ता कापायचा, गालाखालचं लाकूड चढवायचं, घोडा असा मऊ करायचा की बोटानं नुसता विचार केला तरी छर्रा सुटावा. टेप शिंप्यासारखा गळ्यात. सदरा ढिला चालतो, बंदूक चालत नाही, असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा. वर्षाला पेट्या चार हजार, बंदुका चार. मोठेपणा त्या चारांचाच.

गुरुजी म्हणजे सव्वासहा फुटांचा माणूस, मान उंटाची. शाळेत त्यांनी भिवाजीला गणितात दोनदा नापास केलं होतं. तेव्हापासून भिवाजीची त्यांच्यावर भक्ती होती.

दर सव्वीस जानेवारीला सौंसरच्या शाळेच्या मैदानावर स्पर्धा व्हायची. सात वर्षं गुरुजी दुसरे येत होते आणि तिगाव स्टेशनचे पार्सलबाबू प्रभाकरराव पहिले. प्रभाकररावांची बंदूक नागपूरला तयार व्हायची, कारण रेल्वेचा पास फुकट. म्हणजे खरं पाहता सात वर्षं नागपूर पांढुर्ण्याला हरवून राहिलं होतं. गुरुजींनी हे मनावर घेतलं नव्हतं. भिवाजीनं घेतलं होतं. सामना संपला की दोघे एका बाकावर बसून चहा पीत आणि छिद्रं पडलेले एकमेकांचे कागद उन्हाकडे धरून पाहत. एकाचे पाय बाकाखाली मावत नसत, दुसऱ्याचे जमिनीला टेकत नसत. दोघं खुशीत. चहा कडू लागायचा तो भिवाजीला.

त्यानं चिठ्ठी उघडली. दस्ता दोन इंच आखूड. वजन अर्धा किलो कमी. घोडा होईल तितका मऊ.

त्यानं गुरुजींकडे पाहिलं, पुन्हा चिठ्ठीकडे पाहिलं. चादर सोडली, तर बंदूकही नवी होती. जुनीचं काय झालं, असं त्यानं विचारलं, तर ती घरी आहे म्हणाले. मास्तर निवृत्त झाले, मग बंदूकही झाली असेल, अशी भिवाजीनं मनाची समजूत घातली.

"गुरुजी, हे माप तुमचं नाई."

"तुले कितीदा सांगितलं, दिलेलं उदाहरण बदलायचं नाही. दिलं आहे ते सोडव."

"पण गुरुजी..."

"यंदा सामना रंगला पाहिजे, भिवाजी. पावसाळ्यापासून मले झोप नाही."

गुरुजींचा आवाज जरा ओला झाला होता. भिवाजी समजला. या माणसाला मरायच्या आधी एकदा पहिलं यायचं होतं, आणि म्हातारपणानं त्याला स्वतःचं मापही आठवत नव्हतं.

प्रभाकरराव पावसाळ्यात फलाटावर घसरून पडले आणि तेव्हापासून सरावाला दिसले नाहीत, हे कानावर आलंच होतं. भिवाजीला वाईट वाटलं होतं. फार वेळ नाही.

त्यानं चिठ्ठी आढ्याला खोचली. बायकोनं, पुष्पानं, ते पाहिलं; आतून बोलणंही ऐकलं होतं.

"गुरुजी तुमचं गणित तपासत होते. आता तुमी त्यांचं तपासून राहिले काय?"

"तुले बंदुकीतलं काय समजते?"

"बंदुकीतलं नाई समजत. गुरुजींचं माप चुकत नाई, एवढं समजते."

भिवाजीनं बंदूक कामाला घेतली. दहा वर्षं त्यानं गुरुजींची मान, हात, खांदा मोजला होता. दस्ता आखूड करायचा तर सोडाच, त्यानं अर्धा इंच वाढवला. गुरुजींचा हात वाऱ्यानं हलायचा, त्याला वजनाचा टेका हवा होता. म्हणून दस्त्याच्या पोटात भोक पाडून त्यात तीन पाव शिसं ओतलं. वरून सागवानी डट्टा मारला, जवसाचं तेल चोळलं. भोक कुठं होतं ते त्याचं त्यालाही सापडेना. घोडा तेवढा चिठ्ठीप्रमाणे मऊ केला. गुरूंचा शब्द अगदीच मोडू नये.

सव्वीस जानेवारीला बंदूक चादरीत गुंडाळून तो स्वतःच सौंसरला गेला. झेंडावंदन आटोपलं होतं, पोरांच्या हातात बुंदी होती. गुरुजींच्या खांद्यावर जुनी बंदूक पाहून त्याला नवल वाटलं. गुरुजींनी नवी हातात घेतलीच नाही. "तूच आण," म्हणून ते बाकाकडे चालू लागले.

बाकावर प्रभाकरराव बसले होते. सोबत बंदूक नव्हती. उजवा हात मांडीवर होता, कुणी आणून ठेवल्यासारखा. सात वर्षांत पहिल्यांदा भिवाजीनं त्यांना मनापासून नमस्कार केला.

"जिंक बाबा यंदा," प्रभाकरराव गुरुजींना म्हणाले. "मी टाळ्या वाजवाले आलो. त्याही एका हातानं."

"टाळ्या राहू दे. तू नसला तर मी हारू कोणाकडून?"

गुरुजींनी भिवाजीच्या हातातल्या चादरीची गाठ सोडली.

"ही धर. तुझा सदरा धोब्याकडून मागून माप घेतलं. फुलासारखी हलकी आहे, त्या हातानंही उचलशील. भिवाजीच्या हातची आहे, चिठ्ठीतलं सूतभरही हललं नसेल."

प्रभाकररावांचे डोळे भरून आले. त्यांनी उजवा हात पुढे केला.