खोडलेलं विशेषण

इंग्रजीतून स्पॅनिश करताना ‘वॉर्म’ हा शब्द भल्याभल्यांना घाम फोडतो. सूप वॉर्म, कोट वॉर्म, माणूसही वॉर्म; स्पॅनिशमध्ये मात्र प्रत्येकाला विशेषण वेगळं. भाषांतराला आलेल्या या कथेत तर दोन बहिणींमधली शांतता वॉर्म होती. नव्या मुलीने त्यासाठी ‘आब्रिगादो’ लिहिलं होतं. पांघरुणात गुरफटून घेतलेली शांतता.

बाईंच्या पोटात दुखलं. तीस वर्षं या खुर्चीत बसून भाषांतरं तपासली, पण हे काही आपल्याला सुचलं नसतं. कालची पोरगी, आणि शब्द असा की जागचा हलवू नये! त्यांनी तो लाल पेनाने खोडला आणि वर रोजच्या वापरातला ‘कालिदो’ लिहिला.

“फार नटवतेस गं,” पान परत देत त्या म्हणाल्या. “साधं लिहावं.”

मुलगी ओशाळली. “तीन दिवस मला काही सुचेचना, बाई. शेवटी तुमचं पहिलं भाषांतर काढून बसले, त्यात हा मिळाला.” ती लाल रेघेकडे बघत राहिली. “म्हणजे तेव्हा तुमचं चुकलं होतं का हो?”