कोरडा ग्लास

कांदेसरांनी प्रयोगशाळेचं दार उघडलं आणि संस्थेच्या अध्यक्षांना आधी आत जाऊ दिलं. मागून फाइल छातीशी धरलेला एक तरुण येत होता. अध्यक्षांचा भाचाबिचा असावा, असं समजून सरांनी त्यालाही नमस्कार केला. आज नमस्कारात काटकसर परवडणारी नव्हती.

खिडकीशी ग्लासांची रांग होती. प्रत्येकाच्या तोंडावर काड्या टोचून अडकवलेला एक कांदा, बूड पाण्यात. पाण्यात पांढरीशुभ्र मुळं उतरली होती. उद्या मुलं त्यांची टोकं कापून सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघणार होती. सगळे कांदे सरांनी स्वतः मंडईतून आणले होते, एकेक दाबून, टणक बघून. म्हणून मुलं त्यांना कांदेसर म्हणत. संस्था त्यांना काहीच म्हणत नसे, कारण पगारपत्रकावर त्यांचं नावच नव्हतं. "एकदा कायम झालात की सगळं सुरू होईल," असं अध्यक्ष दर वर्षी सांगत. तोवर सर ताईकडे राहत, ताईच्या हातचं जेवत आणि भावजींचे जुने शर्ट घालत. भावजींनी अलीकडे नवे शर्ट घेणंच बंद केलं होतं.

रांगेतला शेवटचा ग्लास कोरडा होता. पाणी नाही तर मूळ नाही, हे मुलांना कळावं म्हणून. आज ते अध्यक्षांना कळावं, असा सरांचा बेत होता. पुढचं वाक्य त्यांनी पाठच करून ठेवलं होतं: साहेब, पाण्यावाचून कांद्याचंसुद्धा भागत नाही.

अध्यक्ष बरोबर त्याच ग्लासापाशी थांबले.

"अरे वा! हा कसा काय?"

कोरड्या कांद्याला हिरवागार कोंब फुटला होता. ओल्या रांगेत एकालाही नव्हता. कांदा पाण्यावाचूनही कोंब काढतो, हे सर दर वर्षी शिकवत. नेमकं आजच ते विसरले होते.

"याला पाणी नाही?"

"थेंबभरही नाही, साहेब. म्हणून तर खाली बघा, मुळं..."

"मुळं कोण बघतंय, सर? हिरवा कोण आहे ते बोला. हा खातो काय?"

"स्वतःलाच, साहेब. आतून."

"बघा! कुणापुढे हात पसरत नाही." अध्यक्षांनी बाकीच्या रांगेकडे उधळ्या पोरांकडे बघावं तसं बघितलं.

"पण असा तो फार टिकत नाही, साहेब. पोकळ होत जातो."

"आणि मग?"

"मग संपतो."

"संपला की नवा आणायचा! बाजारात कांद्यांना काय तोटा?" अध्यक्ष दाराकडे वळले. "या हो. सर दाखवतील तुम्हाला सगळं. सोमवारपासून तुम्हालाच बघायचंय."

तरुण लगबगीने पुढे आला. त्याच्या नव्या शर्टाची घडीसुद्धा मोडली नव्हती.

"पगाराचं काही नाही, सर," तो हसून म्हणाला. "मला फक्त अनुभव हवाय."

त्याने हात पुढे केला. सरांनी तो हातात घेतला आणि सवयीने जरासा दाबून बघितला.

टणक होता.