नव्या पिकअपमधला वास

दुपारच्या शांततेत भाताचं झाकण खडखडलं. मी ते उचलायला वाकले, तर जळक्या तेलाचा वास आला. चुलीचा नव्हे, अंगणातल्या नव्या पिकअपचा. हे नुकतेच शनी शिंगणापूरहून गाडीची पूजा करून परतले होते.

"देवाला वाहून उरलेलं तेल बॉनेटवर वतलं ना तुमी? तेच खाली गळून सायलेन्सरवर जळतंय. वास जाईस्तोवर आपली केशर गाडीत बसणार न्हाई."

"बरं, मेस्त्रीबाई!" हे हसले.

ह्यांनी सायलेन्सर घासून पुसला, इंजिन अर्धा तास चालवलं. वास गेला. मग मीच निर्धास्तपणे लेकीला सीटवर बसवून दार लावलं.

पुन्हा तोच वास आला. काचेआड केशर एकटीच होती. मी तिला तेल लावताना ती मिटते, तसे सुखानं डोळे मिटून बसलेली. मग तिनं ते उघडले.

"आई, तू भाईर हायस, तर माझ्या डोक्याला तेल कोन लावतंय?"