आवाजाची आगाऊ माफी

वडिलांच्या काळातली मोटरसायकल दुरुस्तीनंतर पहिल्यांदा सुरू करायची म्हणजे गल्ली हादरणार, म्हणून तोकुजी आजोबा आदल्या दिवशीच घरोघरी मोचीचे, म्हणजे तांदळाच्या गोड मऊ गोळ्यांचे, डबे देऊन, कमरेत वाकून आवाजाची माफी मागून आले होते.

रविवारी सकाळी गॅरेजचं शटर वर गेलं. आजोबांनी किकवर किक हाणल्या, पण गाडीने हूं की चूं केलं नाही.

"आजोबा, गाडीपेक्षा तुम्हीच जास्त धापा टाकताय," नात हिनाको म्हणाली.

"गप गं. अख्ख्या गल्लीने मोची खाल्ली आणि मी साधा आवाज करू शकलो नाही. आता कोणत्या तोंडाने बाहेर पडू?"

तेवढ्यात शेजारच्या कुवाबारा काकू दारात आल्या. आजोबांनी मान खाली घातली.

"काय हो तोकुजीसान, केवढा तो आवाज," काकू कान चोळत म्हणाल्या. "आमच्या कपाटातल्या बशा थरथरल्या की."

मागोमाग समोरचे इशिमुरा काका आले. त्यांचा तर म्हणे नातू दचकून उठला होता.

आजोबांनी दोघांचीही पुन्हा वाकून माफी मागितली. ते गेल्यावर छाती पुढे काढून ते हिनाकोला म्हणाले, "ऐकलंस ना? सायलेन्सर बदलायलाच हवा."