वाटेवरचा गणपती

पियुष आईबाबांना हत्तींचं अभयारण्य दाखवायला घेऊन आला होता खरा, पण संध्याकाळी खापरखेड्याला त्याच्यासाठी मुलगी पाहायला जायचं असल्यामुळे त्याचा अर्धा जीव घड्याळात अडकला होता. तलावापाशी रस्ता संपला आणि गाइडसह त्यांची जिप्सी मागे वळली, तेव्हा परतीच्या एकुलत्या एक वाटेवर एक भलामोठा हत्ती दिसला. बिचारा आपल्या तंद्रीत रस्ता ओलांडत होता, दोन पावलांत झाडीत गेलाही असता.

पण साक्षात गणपती समोर पाहून त्याच्या आईने, प्रेमिलाबाईंनी, टाळ्या वाजवत आरती धरली. वडिलांनी, बापूजींनी, वरचा सूर लावला. हत्ती थबकला, वळला आणि जिप्सीसमोर येऊन डोळे मिटून डुलू लागला.

आरती संपली, तरी हत्ती हलेना. मग शंकराची झाली, देवीची झाली, मंत्रपुष्पांजलीही झाली.

"काहून थांबली वं? म्हण ना आणखी एखादी!" बापूजी कुजबुजले.

"सगळ्या म्हणून झाल्या, आता काय पाढे म्हणू?" प्रेमिलाबाई रडकुंडीला आल्या.

"काका, हा जाऊन काहून नाही राहिला?" पियुषने गाइडला विचारलं.

गाइडने कपाळाला हात लावला. "देवळातून सोडवून आणला आहे गा त्याले. तिथं शेवटचा भक्त घरी गेल्याबिगर त्याले सुट्टी नव्हती."

 

पियुषने समोर पाहिलं. हे लोक एकदाचे घरी कधी जातात, याची वाट पाहत हत्ती रस्ता अडवून उभा होता.