जुनाच पासवर्ड

"टीव्ही अजून फिरतोय गोल गोल," हिराबाई आतून म्हणाल्या.

मैत्रीनं टेबलाखाली हात घालून राउटरचं बटण पुन्हा बंद केलं, थोडं थांबून चालू केलं. दिवा लाल झाला, लुकलुकला आणि शेवटी हिरवा झाला. नेट आलं होतं. पण घरातलं काहीच त्याला जोडलं जात नव्हतं. कंपनीनं परस्पर नवं अपडेट पाठवलं होतं आणि त्यात राउटरमधलं जुनं सगळं पुसलं गेलं होतं. आता फोनवर कंपनीचं लांबलचक नाव दिसत होतं. पूर्वी तिथे पप्पांचं नाव दिसायचं, 'दशरथ'.

"त्यांचं नाव कुठे गेलं?" हिराबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेत विचारलं.

"नाव परत देता येतं, आई. पासवर्डही जुनाच दिला, तर सगळं आपोआप जोडलं जाईल. काय होता पासवर्ड?"

"मला काय माहीत? कुणी आलं की ते स्वतःच टाकून द्यायचे. समोरच्याकडे पाठ फिरवून."

ते खरं होतं. पप्पांनी पासवर्ड घरात कधी कुणाला सांगितला नव्हता. हिराबाईंच्या जुन्या फोनमध्ये त्याच्या जागी नुसते ठिपके दिसत होते. मैत्रीचा फोन नवा होता, आणि लॅपटॉपही पप्पा गेल्यानंतर घेतलेला.

"नवा ठेवते मग. तुला लक्षात राहील असा."

"नको," हिराबाई म्हणाल्या. "त्यांनी ठेवलेला आहे, तोच राहू दे."

मैत्रीनं राउटरला 'दशरथ' हे नाव परत दिलं आणि पासवर्डचा अंदाज करायला सुरुवात केली. आईचं नाव. गावाचं नाव. चौदा एप्रिल. पाटबंधारे खात्यात असताना पप्पा ज्या धरणावर होते, त्याचं नाव. प्रत्येक वेळी राउटरला ते द्यायचं आणि टीव्हीकडे बघायचं. टीव्हीवरचं चक्र गोल गोल फिरतच होतं.

हे राउटर घरात आलं, तो दिवस तिला आठवत होता. त्याआधी तिनं बँकेतली कायमची नोकरी सोडली होती. लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची होती तिला. पप्पा त्यांच्या घराण्यातले सरकारी खुर्चीवर बसलेले पहिले. ते एवढंच म्हणाले होते, "खुर्ची सोडणाऱ्यांना या घरात खुर्ची नाही." मैत्री त्याच संध्याकाळी बॅग भरून वाघोलीला मैत्रिणीच्या खोलीवर गेली. त्या वर्षी ती जयंतीला कर्वेनगरच्या या घरी आली नाही. पुढच्या वर्षीही नाही. आई चोरून फोन करायची आणि पप्पांची पावलं वाजली की ठेवून द्यायची.

मग एके दिवशी पप्पांचाच फोन आला. "घरी इंटरनेट घेतलंय. चांगलं चालतं म्हणतात. तुझं काम इथे बसून होत असेल तर बघ."

ती आली. खिडकीपाशी एक नवी खुर्ची होती, पाठीला आधार असलेली. पप्पांनी तिचा लॅपटॉप घेतला, तिच्याकडे पाठ केली आणि एका बोटानं बराच वेळ टाइप करत राहिले. ती मागे उभी होती. आता ते काहीतरी बोलतील, असं तिला वाटत होतं. ते वळले आणि म्हणाले, "झालं. जोडलं गेलं."

त्यानंतर ती दर शनिवारी यायची. पप्पा तिच्यासाठी चहा करायचे, आलं जास्त घालून. तिची चित्रं लांबून बघायचे. एकदा हत्तीच्या चित्रापाशी थांबून म्हणाले, "याचे पाय जरा जाड हवेत." पण त्या संध्याकाळबद्दल त्यांनी कधी तोंड उघडलं नाही. मैत्रीनंही विचारलं नाही. कधीतरी बोलतीलच, असं ती धरून चालली होती. दवाखान्यातही ती त्यांच्या ओठांकडे बघत बसली होती.

बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरचे अभयकाका होते, हातात फोन घेऊन.

"वहिनी, तुमचं नेट बंद आहे, की तुम्ही मला बंद केलंय? तसं असेल तर स्पष्ट सांगा, मी रागावणार नाही."

"तुमच्याकडे आमचं नेट?" हिराबाईंना कळेना.

"रस्ता खोदला तेव्हा आमची केबल तुटली होती. दशरथरावांनी पासवर्ड दिला. त्यांचा चष्मा घरी राहिला होता, म्हणून जिन्यात उभं राहून तोंडी सांगितला. केबल जोडली गेली, पण सवय काही सुटली नाही."

मैत्री टेबलाखालून उठली. "काका, तुम्हाला माहितीये पासवर्ड?"

अभयकाकांचा चेहरा उतरला. त्यांनी हिराबाईंकडे पाहिलं, मग मैत्रीकडे.

"कुणाला सांगायचा नाही, असं बजावलं होतं त्यांनी. तुला तर मुळीच नाही. मी म्हटलंही, अहो, तिला सांगायला नको का? तर म्हणाले, धीर होत नाही."

"पप्पा असं म्हणाले?"

काकांनी मान हलवली. मैत्री मोबाइल हातात घेऊन थांबली. काका घसा खाकरून, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "मैत्री, माझं चुकलं."

"तुमचं काय चुकलं, काका?"

"माझं नाही गं. हाच तो पासवर्ड. इंग्रजीत, सगळी अक्षरं लहान, मध्ये जागा सोडायची नाही."